आक्का, मंगळवारी ऑपरेशन होणार म्हणजे होणार

राहाता,
शुक्रवार, शाळा सुटल्यावर

ती. दयाआक्कांस,

तुमच्या धाकट्या भावजयीचा, मार्थाचा, दोन्ही हात जोडून सलाम. प्रभूच्या कृपेने इकडे सगळे बरे आहोत. हे (म्हणजे तुमचे लाडके बंधू एडविन) बरे आहेत, जॉय आणि सूनबाई आराधना पुण्यात बरी आहेत, आणि मी गेले अकरा दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर असूनही बरी आहे. तुमची तब्येत कशी आहे? डावा गुडघा, उजवा गुडघा, बीपी आणि माझ्यावरचा राग, चारही आपापल्या जागी असतील अशी आशा करते. फोनवरच विचारलं असतं, पण गेल्या रविवारपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या मेसेजला एकच खूण येऊन बसते, दुसरी येतच नाही. आराधना म्हणाली, आई, आत्यांनी तुम्हाला ब्लॉक केलंय. छत्तीस वर्षं नर्सची नोकरी करून रिटायर झालेल्या बाईला या वयात ब्लॉक करता येतं हे ऐकून मला खरं तर अभिमानच वाटला. म्हणून हे पत्र. आमचे शेजारी भागवतराव उद्या टेम्पोतून देवळालीला पेरू पोचवायला येणार आहेत, त्यांच्या हाती देते आहे. फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण वाचून फाडा. अकरा दिवसांच्या उपाशी बाईने लिहिलंय.

आधी मुद्द्याचं. सोमवारी मी नगरच्या दवाखान्यात दाखल होणार आणि मंगळवारी सकाळी माझं पोट लहान करायचं ऑपरेशन होणार. होणार म्हणजे होणार. तुम्ही म्हणता, देवाने दिलेल्या पोटाला माणसाने कात्री लावू नये. मग पंधरा वर्षांपूर्वी तुमची पित्ताची पिशवी काढली ती काय देवाने परत मागवली होती? (डबा मी आणत होते, म्हणून चांगलं लक्षात आहे. आठ दिवस पेज आणि वर तुमचे टोमणे.) तुम्ही म्हणता, असल्या ऑपरेशनात माणसं टेबलावर जातात. आक्का, माणसं अंथरुणावरही जातात. मला झोपेत श्वास थांबतो म्हणून नाकाला मशीन लावून झोपावं लागतं, दिवसाला साठ युनिट इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं, आणि शाळेच्या पायऱ्या चढून वर्गात गेले की हजेरी घ्यायच्या आधी मला पाच मिनिटं मुलांकडे नुसतं रागाने बघत बसावं लागतं, कारण बोलायला दम नसतो. (मुलांना वाटतं बाई कडक आहेत.) वय बावन्न. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय की असंच चालू राहिलं तर साठी बघाल असं मी लिहून देणार नाही. तेव्हा मला घाबरवायचंच असेल तर रांगेत उभं राहावं लागेल, पहिला नंबर डॉक्टरांचा लागलेला आहे.

तुम्हाला वाटतं, मोबाईलवर कुणीतरी बारीक बाई बघितली आणि मार्था हुरळली. तसं नाही. फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला मी कठड्यापाशी गुडघे टेकले, ते टेकलेच. उठता येईना. भाकर झाली, प्याला झाला, माझ्या ओळीतली माणसं उठून आपल्या जागी गेली. दुसरी ओळ आली, माझ्या दोन्ही अंगांनी टेकली, तीही उठून गेली. मी आपली तिथेच, खाली मान घालून, कठडा धरून. पाळकसाहेबांना वाटलं माझं मन फारच भरून आलंय, ते हळूच वळसा घालून पुढे गेले. तिसऱ्या ओळीला मात्र जागा पुरेना, तेव्हा मंडळीतले दोन पंच पुढे आले, एकाने इकडून धरलं, एकाने तिकडून, आणि सगळ्या मंडळीसमोर मला उभं केलं. त्यात थोरल्या पंचांची कंबर धरली ती आठ दिवस सुटली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात चौथीतल्या एका पोरीने अगदी निर्मळ मनाने विचारलं, बाई, काल देवाने तुम्हाला उठू दिलं नाही का? आक्का, त्या दिवशी मी ठरवलं. देवापुढे टेकायचं आणि आपल्या पायांनी उठायचं. मला एवढंच पाहिजे. चापूनचोपून साडी नेसून मिरवायची हौस नाही (आणि झालीच तर तुमची परवानगी घ्यायला येणार नाही).

ठरवणं सोपं होतं, वजन करणं अवघड. दवाखान्यातल्या बाईंनी फोनवर आधी वजन विचारलं. आता घरचा काटा एकशेवीसच्या पुढे गेला की आकडा दाखवायचंच सोडून देतो. शाळेतला काटा पोरांचा, त्यावर मी चढले असते तर शाळेला नवीन घ्यावा लागला असता. मेडिकलवाल्याचा काटा दुकानाबाहेर भर रस्त्यावर, आणि तो मेला वजन मोठ्याने बोलून दाखवतो, हिंदीत. शेवटी ह्यांना अक्कल सुचली. बाजारात ह्यांच्या ओळखीच्या एका कांद्याच्या आडतीवर काकासाहेब म्हणून मापाडी आहेत, दोघे शाळेत एका बाकावर होते. लिलाव उरकून सगळे जेवायला गेल्यावर, भर दुपारी, मी डोक्यावरून पदर घेऊन तिथे गेले. काकासाहेब मोठा सज्जन माणूस. मान वर केली नाही, हसले नाहीत, अवाक्षर बोलले नाहीत. मी गोणीच्या जागी उभी राहिले, त्यांनी वजन घेतलं, चिठ्ठी लिहून ह्यांच्या हातात दिली आणि चहा मागवला. चिठ्ठीच्या तळाशी एकशे सव्वीस, तेवढंच मी वाचलं. मी तोच आकडा दवाखान्यात कळवला. चार दिवसांनी प्रत्यक्ष गेले तर त्यांच्या काट्यावर एकशे अठ्ठावीस. तिथे आहाराचं बघायला संस्कृती नावाची मुलगी आहे, जेमतेम पंचविशीची, शेवग्याच्या शेंगेसारखी अंगकाठी. ती म्हणाली, मॅडम, चार दिवसांत दोन किलो? मी फणकाऱ्याने पर्समधून चिठ्ठी काढून तिच्यापुढे टाकली. तिने ती नीट वाचली आणि मग तोंडाला रुमाल लावून मला वाचायला दिली. एकूण एकशे अठ्ठावीस, कडता दोन, निव्वळ एकशे सव्वीस! म्हणजे कांद्याच्या मालात माती, पाला आणि गोणपाटाचे म्हणून वजनातून जे कापून घेतात, ते तीस वर्षांच्या सवयीने काकासाहेबांनी माझ्यातूनही कापलं होतं. आयुष्यभर मी गरम पाण्यात लिंबू पिळलं, दुधी भोपळ्याचा रस प्याले, एक महिना नुसत्या काकड्या खाल्ल्या, दोन किलो कधी हटलं नाही. काकासाहेबांनी पेनाच्या एका फटक्यात उतरवलं. (हे अजून त्यांना तोंड दाखवत नाहीत. मी जाऊन त्यांचे आभार मानून आले.)

आता मंडळाविषयी, कारण तुम्ही ह्यांच्यापाशी म्हणालात की मार्था कसल्याशा टोळीच्या नादी लागली आहे. ऐका टोळीचं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, त्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, ज्यांचं ऑपरेशन झालंय ते आणि ज्यांचं व्हायचंय ते, असे पंचवीस-तीस जण जमतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच थबकले. तिथल्या खुर्च्यांना हात नाहीत. तुम्हाला सांगायला नको, आक्का, हातवाल्या प्लास्टिकच्या खुर्चीत आपल्यासारख्यांना कसं बसावं लागतं ते. अर्धं आत, अर्धं कडेवर, आणि उठताना खुर्ची बरोबर येते ती लोक बघायच्या आत खाली ढकलायची. किती लग्नं मी उभ्याने जेवले ते माझं मला माहीत. तिथे मी पहिल्यांदा पाठ टेकून, ऐसपैस बसले, आणि बसल्या बसल्या मला रडू आलं. कुणी विचारलं नाही का रडताय. शेजारच्या माणसाने नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला. ही माझी टोळी.

तिथली रीत अशी की नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून देतात. त्याने रोज फोन करायचा, खाणंपिणं विचारायचं, धीर द्यायचा, आणि वेळ पडली तर झापायचं. मला मिळाल्या पुणतांब्याच्या छबूबाई. वय अठ्ठावन्न, नदीकाठी पंधरा एकर ऊस, घरात दोन सुना आणि दोघींवर दरारा. ऑपरेशनला सव्वा वर्ष झालं, एकोणचाळीस किलो उतरलं. पिशवीत कायम आपलं जुनं झंपर घेऊन फिरतात, आणि बोलायची पाळी आली की ते दोन्ही हातांनी पसरून वर धरतात, झेंड्यासारखं. पहाटे पाचला त्यांचा फोन. उठली का, काय प्याली, किती प्याली, खरं सांग. मी एकदा अर्धा खारी बिस्किटाचा तुकडा चहात विरघळवून प्याले आणि तो पातळच झाला होता असं सांगितलं, तर फोनवर एवढ्या मोठ्याने ओरडल्या की ह्यांच्या हातचं वर्तमानपत्र पडलं.

पण त्यांना अधिकार आहे, कारण त्या स्वतः आधी चुकल्या आहेत आणि ते भर सभेत सांगतात. ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस सगळं पातळ घ्यायचं असतं, लिव्हर आकसतं म्हणे त्याने, डॉक्टरांना आत हात घालायला जागा होते. छबूबाईंनी ते ऐकलं आणि मनाशी म्हटलं, म्हणजे पंधरा दिवसांचा उपास! आणि जन्मभर एकादश्या, चतुर्थ्या, नवरात्रं केलेल्या बाईला उपासाचं काय शिकवायचं? त्यांनी शेंगदाण्याची आमटी सुरू केली. उपासाला चालते आणि पातळही असते, दोन्ही नियम पाळले. सकाळी दोन वाट्या, दुपारी तीन, संध्याकाळी दोन, वर साजूक तुपाची धार. पंधरा दिवसांनी दवाखान्यात काट्यावर उभ्या राहिल्या तर दीड किलो वाढलेल्या, आणि ऑपरेशन पंधरा दिवस पुढे. “म्या पडले तिथं तू पडू नको,” असं त्या मला सांगतात, “दुसरा खड्डा हुडक.” मी हुडकला. मी संस्कृतीला विचारलं की मधल्या रविवारी आमचं प्रभुभोजन आहे, त्यात भाकरीचा तुकडा असतो, तो चालेल का? तिने वही काढून विचारलं, किती ग्रॅमचा? आता हे आपल्या मंडळीत आजवर कुणी मोजलेलं नाही. मी बोटाच्या पेरावर दाखवला. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, चालेल मॅडम, पण वीस वेळा चावून.

आता येते गेल्या रविवारवर, ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच. उपासनेनंतर आपल्याकडे प्रीतिभोजन होतं. मटणाचा रस्सा आणि भात, पातेलं उपासना चालू असतानाच मागे शिजत असतं आणि दुसऱ्या गायनापासून वास आत यायला लागतो. मी छबूबाईंना हे बोलले मात्र, रविवारी सकाळी आठलाच त्या पुणतांब्याहून दारात हजर. म्हणाल्या, तुला एकटीला सोडायची न्हाई. तर त्या माझ्या शेजारी, बायकांच्या बाजूला, डोक्यावर पदर, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, मांडीवर पिशवी, अशा ताठ बसल्या होत्या. आणि पाळकसाहेबांनी प्रार्थनेच्या विनंत्यांच्या चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. पहिली कुणाच्या तरी नोकरीची, दुसरी पावसाची. तिसरी तुमची. देवळाली प्रवरेच्या दयाभगिनी फोनवरून विनंती करतात की आपली भगिनी मार्था एडविन, वजन एकशे अठ्ठावीस किलो, हिला ऑपरेशनच्या मोहापासून प्रभूने सोडवावं. आक्का! पाळकसाहेबांनी वजनसुद्धा वाचलं! ह्यांनी तुम्हाला आकडा सांगितला हे मी नंतर काढून घेतलं आणि त्याचं जे काही करायचं ते केलं. पण तुम्ही तो चिठ्ठीत घालावा? देवाला काय वजन माहीत नव्हतं? सगळी मंडळी माझ्याकडे वळून बघायला लागली, जणू आकडा बरोबर आहे का ते पडताळून बघत होती.

मग थोरले पंच उभे राहिले (तेच, ज्यांची कंबर धरली होती, म्हणजे माझ्या ऑपरेशनचा सगळ्यात मोठा फायदा ज्यांना होणार तेच) आणि त्यांनी दहा मिनिटं प्रार्थना केली. हे प्रभू, तू प्रत्येकाला मापून दिलं आहेस, दिलेलं कापून टाकण्याची बुद्धी आमच्या बहिणीला होऊ देऊ नकोस. बायका हळू आवाजात होय प्रभू, होय प्रभू म्हणत होत्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी बाकाला धरून उभी राहिले आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली. हे प्रभू, दयाआक्कांनी तुला माझं वजन कळवलं त्याबद्दल तुझे आभार. मंगळवारी डॉक्टरांचा हात स्थिर ठेव आणि माझं मन त्याहून स्थिर ठेव. आणि ज्या सगळ्यांना माझी इतकी काळजी वाटते आहे, त्यांना एडविनला आठ दिवस डबा देण्याचीही बुद्धी दे. माझा विचार बदलू नकोस, त्यांचा बदल. आमेन.

मागच्या पातेल्याचा रटरट आवाज ऐकू येत होता. आणि मग छबूबाईंनी एकट्यांनी खणखणीत आमेन म्हटलं आणि उभ्या राहिल्या. त्यांचं काही चुकलं नाही हो. आमच्या मंडळात एकाचं बोलून झालं की शेजारच्याने उठून आपलं सांगायचं असतं, त्यांना वाटलं इथेही तेच. त्यांनी पिशवीतून झंपर काढलं, वेदीसमोर दोन्ही हातांनी पसरून वर धरलं, आणि सुरुवात केली, माझं नाव छबूबाई, पुनतांब्याची, ऑपरेशनला सवा वरीस झालं. पाळकसाहेबांच्या हातातली पुढची चिठ्ठी तशीच राहिली. ऑपरेशनच्या आधी आपल्याला सुना आंघोळीला धरून न्यायच्या हे त्यांनी सांगितलं, आता उसाला पाणी द्यायला स्वतः जाते हे सांगितलं, केस गळले ते सांगितलं, शेंगदाण्याच्या आमटीचंही सांगितलं. शेवटी थोरल्या पंचांकडे वळून म्हणाल्या, “तुमी देवाला इचारता व्हय, करू का नको? म्या बी इचारलं हुतं. देव म्हनला, मग डागदर कशाला केलाय म्या?” आणि झंपराची घडी घालून खाली बसल्या. पहिल्यांदा कुठल्याशा पोराने टाळ्या वाजवल्या, मग बायकांच्या बाजूने दोन-चार, मग बऱ्याच. पेटी वाजवणाऱ्या सिल्व्हियाने तर न सांगताच गायन सुरू केलं, आणि उपासनेनंतर भांडी घासायच्या जागी येऊन हळूच माझ्याकडे छबूबाईंचा नंबर मागितला. (तिलाही शुगर आहे. कुणाला बोलू नका. चिठ्ठीत तर मुळीच लिहू नका.)

त्यानंतर प्रभुभोजन. मी पुढे गेले, टेकले, भाकर घेतली आणि वीस वेळा चावायला लागले. पाळकसाहेब प्याला घेऊन पुढ्यात उभे. आठ, नऊ, दहा. बाकीच्या ओळीने कधीच गिळली होती. डोळे मिटून, मान खाली घालून, मी गंभीरपणे मोजत होते. सगळ्यांची खात्री पटली की मार्थाबाईंना पश्चात्ताप झाला. तुम्हालाही फोन करून कुणीतरी तसंच कळवलं असणार, आणि मग दुसऱ्या कुणीतरी फोन करून माझी प्रार्थना कळवली असणार, म्हणून तुम्ही मला ब्लॉक केलंत. तर कळवते की पश्चात्ताप नव्हता, वीस वेळा चावणं होतं. उठताना या वेळी पंचांची गरज लागली नाही. छबूबाई मागून येऊन माझ्या काखेत हात घालून उभ्या होत्या, आणि मटणाच्या पातेल्यावरूनही त्यांनी मला तशीच काखेत धरून घरी नेली.

म्हणून सांगते, माझं कुणावाचून अडलेलं नाही. बॅग भरून तयार आहे. त्यात दोन गाऊन, नाकाचं मशीन, आणि औषधाच्या बाटल्यांची चार टोपणं, कारण ऑपरेशननंतर पाणी टोपणाने मोजून घोट घोट प्यायचं असतं, आणि ही टोपणं छबूबाईंची स्वतःची, त्यांच्या ऑपरेशनची आहेत. भूल उतरली की पहिले दोन दिवस, कशाला केलं मी हे, असं वाटणार आहे, ते त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. तेव्हा मला शिवी दे म्हणाल्या, देवाला आणि डॉक्टरला देऊ नको. हे दवाखान्यात राहणार नाहीत, ह्यांना रक्त बघितलं की घेरी येते (हे तुम्हाला माहीत आहेच). छबूबाई राहणार आहेत. तुम्ही नाही आलात तरी चालेल, तुम्ही प्रार्थना केलीत तरी चालेल, माझ्या विरुद्ध केलीत तरी चालेल. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि माझं गेली वीस वर्षं जळतंय.

राग आहे तसा राहू द्या, लोभ जमला तर त्याच्या शेजारी ठेवा. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची हट्टी भावजय,
मार्था

ता. क. तुमचा इडलीचा मोठा कुकर भागवतरावांबरोबर पाठवला आहे. पुढचं वर्षभर मला एका वेळी अर्ध्या इडलीच्या वर लागणार नाही. शिट्टी माझ्याकडे हरवली होती, नवीन बसवली आहे.

ता. क. दुसरं. हे पत्र वाचून हे म्हणाले, अगं, खरं लिहायचं होतं ते लिहिलंच नाहीस. म्हणून लिहिते. ऑपरेशनच्या आधीच्या शेवटच्या सभेला मंडळात विचारतात की आजवर तुला कोण कोण हसलं, नावं घे. गेल्या शनिवारी मी बावीस नावं घेतली, तुमचं तिसरं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि छबूबाईंनी विचारलं, आन् तू कोनाला हसलीस? मी म्हटलं, कुणाला नाही. तसं म्हणून एसटीत बसले, आणि राहुरी यायच्या आत मला आठवलं. जॉयच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवामागे आपण सगळ्या बिर्याणीचा कांदा चिरत होतो. तुम्ही माझ्याजवळ सरकून, अगदी हळू म्हणालात, मार्था, पुण्याच्या डॉक्टरला दाखवलंय, पोटाचं ऑपरेशन कर म्हणतात, जूनमधली तारीख दिलीये, तू येशील का गं माझ्याबरोबर? आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, साठीला आल्यावर पोट कापून काय करता आक्का, शवपेटीचं माप कमी करायचंय का? सगळ्या हसल्या. तुम्ही सगळ्यात जास्त हसलात. डोळे पुसलेत आणि म्हणालात, कांदा तिखट आहे. त्यानंतर तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत. जून गेला, आणि मग तुमचे गुडघे गेले. मी तेव्हा स्वतः एकशे दहा किलोची होते, आक्का. तुमच्यावर हसले की तेवढा वेळ माझ्याकडे कुणी बघत नाही, म्हणून बोलले. रविवारी उपासना झाली की लगेच तुम्हाला फोन करून हे सांगायचं ठरवलं होतं, आणि उपासनेतच तुमची चिठ्ठी वाचली गेली. माझं डोकं फिरलं. पण तुमच्या चिठ्ठीपेक्षा माझं ते वाक्य वाईट होतं. मला क्षमा करा. ही मी देवाकडे मागत नाही, तुमच्याकडे मागते.

ता. क. तिसरं आणि शेवटचं. दवाखान्याच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाचं नाव लिहायचं होतं, मी तुमचं लिहिलं. विचारलं नाही, कारण तुम्ही फोन उचलत नाही. छबूबाईंचा मुलगा रविराज जीप चालवणार आहे, सोमवारी सकाळी सात वाजता राहुरी फॅक्टरीच्या फाट्यावर आम्ही थांबू, आठपर्यंत थांबू. पुढची सीट मोकळी ठेवली आहे, तुम्हाला पाय लांब करता येतील. डॉक्टर सोमवारी दुपारी बाहेरचे पेशंट बघतात. दाखवायचं असलं तर दाखवा, नसलं तर नुसत्या माझ्याजवळ बसा. या वेळी तुम्हाला कुणी हसलंच तर त्याच्याकडे मी बघते. मंगळवारी सकाळी मी भुलीत असेन, तेवढा वेळ छबूबाई बघतील.